उच्छ्वासाची साक्ष कितपत ग्राह्य?

क्षयरोगाच्या निदानाचा शंभराहून अधिक वर्षांचा सारा डोलारा थुंकीच्या एका नमुन्यावर उभा आहे. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयजंतूचा शोध जाहीर केला, आणि तेव्हापासून रोग्याने खोल खोकून छातीतला बेडका डबीत द्यावा व प्रयोगशाळेने त्यात जंतू शोधावेत, अशी रीत पडली. पुढे सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला जंतूंची वाढ करून पाहण्याची पद्धत आली. अलीकडे जंतूच्या जनुकद्रव्याचा माग काढणारी यंत्रे आली. त्यांपैकी 'ट्रूनॅट' हे गोव्यात तयार होणारे छोटे यंत्र २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केले. यंत्रे पालटली, वेळ वाचला, अचूकता वाढली. परंतु त्या यंत्रांत घालावयाचा पदार्थ मात्र बदलला नाही. डबी तीच राहिली आणि थुंकीही तीच राहिली.

अडचण नेमकी येथेच आहे. लहान मुलांना बेडका काढून टाकता येत नाही. ती तो गिळून टाकतात. थकलेल्या वृद्धांच्या छातीत तेवढे बळ नसते. एचआयव्हीची बाधा झालेल्या रोग्यांच्या थुंकीत पुष्कळदा जंतू इतके विरळ असतात की ते हाती लागत नाहीत. शिवाय ज्याला खोकलाच नाही, त्याच्याकडून थुंकी मागणार कशी? २०१९ ते २०२१ या काळात भारतात क्षयरोगाची देशव्यापी पाहणी झाली. छातीची क्ष-किरण तपासणी वगळून केवळ लक्षणांवर विसंबले असते, तर आढळलेल्या रोग्यांपैकी ४२.६ टक्के रोगी निसटले असते, असे तीत दिसून आले. ज्यांना लक्षणे होती त्यांच्यापैकीही ६४ टक्के लोक कोणत्याही दवाखान्याची पायरी चढले नव्हते. म्हणजे रोगी दवाखान्यात येईल, खोकेल, डबी भरून देईल आणि मग औषध सुरू होईल, हे ज्या व्यवस्थेचे गृहीतकृत्य आहे, ते गृहीतकृत्यच निम्म्याहून अधिक ठिकाणी लटके ठरते.

या पार्श्वभूमीवर एका निराळ्या वाटेकडे जगभरच्या संशोधकांचे लक्ष लागले आहे. माणूस खोकत नसला तरी श्वास घेतो आणि सोडतोच. मिनिटाला पंधरा या हिशेबाने दिवसाकाठी एकवीस हजार सहाशे श्वास, असा हिशेब आपल्याकडील योगमार्गाने फार पूर्वीच मांडून ठेवला आहे. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाऊन परतणारी ही हवा तेथील वार्ता बाहेर आणत असली पाहिजे. ती वाचता आली तर सुई नको, थुंकी नको, केवळ एका नळीत फुंकर मारली की पुरे, अशी ही कल्पना आहे. ती मोहक आहे यात शंका नाही. तथापि मोहक कल्पना आणि भरवशाची तपासणी यांच्यामध्ये फार मोठे अंतर असते. श्वासपरीक्षेच्या बाबतीत ते कोठे काटले गेले आहे आणि कोठे अद्याप काटावयाचे आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

नाकाकडून नळीकडे

रोग्याच्या श्वासावरून रोग ओळखण्याची धडपड नवी नाही. चरकसंहितेत महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे श्वासविकारांचे पाच प्रकार सांगितले आहेत. तेथे पाहिली जाते ती श्वासाची गती आणि रीत. ग्रीक वैद्य श्वासाच्या वासाकडेही लक्ष देत असत. मधुमेह विकोपाला गेला की रोग्याच्या तोंडाला कुजकट गोड फळासारखा वास येतो, यकृत निकामी होऊ लागले की निराळा दर्प येतो, हे अनुभवी डॉक्टर आजही जाणतात. परंतु नाकाची साक्ष लिहून ठेवता येत नाही, मोजता येत नाही आणि दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. शास्त्राला हवे असते ते माप.

ते माप देण्याचा आरंभ अठराव्या शतकाच्या अखेरीस लव्वाझिए यांनी केला. श्वसन म्हणजे एक मंद ज्वलनच होय, त्यात ऑक्सिजन खर्ची पडतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. १८४६ साली लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी श्वासमापक यंत्राविषयीचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. दोन हजारांहून अधिक लोकांना त्या यंत्रात फुंकावयास लावून त्यांनी फुप्फुसांची धारणाशक्ती मोजली. छातीचे डॉक्टर आजही दम्याच्या किंवा धुराने फुप्फुसे निकामी झालेल्या रोग्याला ज्या यंत्रात जोराने फुंकावयास सांगतात, ते स्पायरोमीटर याच कुळातले आहे. मात्र हे यंत्र किती हवा निघाली आणि किती वेगाने निघाली एवढेच सांगते. त्या हवेत काय होते, याविषयी ते मौन पाळते.

हे मौन फुटले ते १९७१ साली. दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी माणसाचा उच्छ्वास अतिशीत नळीतून नेऊन त्यातील बाष्पे गोठविली, मग ती वायुवर्णलेखन पद्धतीने विलग केली, आणि एका माणसाच्या उच्छ्वासात सुमारे अडीचशे निरनिराळी द्रव्ये असल्याचे दाखवून दिले. नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढ्यावरच श्वासाची कथा संपते, ही शाळेत शिकविली जाणारी समजूत त्या दिवशी अपुरी ठरली.

अर्थात उच्छ्वासाचे पृथक्करण सामान्य माणसाला अगदीच अपरिचित आहे असेही नाही. रात्री नाक्यावर वाहतूक पोलीस चालकाला नळीत फुंकावयास सांगतो, ते दुसरे काय असते? अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ साली अशा यंत्राला सुटसुटीत रूप दिले. रक्तात भिनलेला मद्यार्क फुप्फुसात हवेला मिळतो आणि ठरावीक प्रमाणात बाहेर येतो, या साध्या नियमावर ते चालते. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली, आणि तिचा पुरावा म्हणून उच्छ्वासाची चाचणी कायद्याने मानली. तेव्हा प्रश्न तत्त्वाचा उरलेला नाही. मद्य शोधता येते. मग रोग का शोधता येऊ नये?

मद्य आणि रोग यांतील भेद

उत्तर प्रमाणात दडलेले आहे. मद्यपान केलेल्याच्या श्वासात मद्यार्क विपुल असतो, तो एकच पदार्थ असतो, आणि न प्यालेल्याच्या श्वासात तो जवळजवळ नसतोच. रोगाची द्रव्ये मात्र अब्जांशाच्या हिशेबात मोजावी लागतात. शिवाय त्यांपैकी बहुतेक निरोगी माणसाच्या श्वासातही असतातच. फरक असतो तो थोडे कमी आणि थोडे अधिक एवढाच. त्यात दुपारी खाल्लेल्या कांद्यालसणाचा अंश मिसळतो, विडीच्या धुराचा मिसळतो, तोंडातील जंतूंचा मिसळतो. ज्या खोलीत माणूस बसला आहे तेथील हवा तो आधी आत घेतो आणि मग बाहेर सोडतो. दवाखान्यात पसरलेल्या स्पिरिटची बाष्पेही त्यासोबत परत येतात. रोगी आणि निरोगी यांचे नमुने दोन वेगळ्या खोल्यांत घेतले, तर यंत्र रोग ओळखण्याऐवजी खोल्याच ओळखू लागेल, ही भीती केवळ काल्पनिक नव्हे.

यावर संशोधकांनी दोन वाटा काढल्या आहेत. पहिली वाट म्हणजे एकच निश्चित द्रव्य धरून ते नेमके मोजणे. दुसरी म्हणजे द्रव्यांची नावनिशी न विचारता त्यांच्या एकंदर ठशावरून रोग ओळखणे. या दुसऱ्या वाटेचे यंत्र 'इलेक्ट्रॉनिक नाक' म्हणून ओळखले जाते. ब्रिटनमधील वॉरिक विद्यापीठात पर्सो व डॉड यांनी १९८२ साली त्याचा आराखडा मांडला. अनेक संवेदकांची एक रांग, प्रत्येक संवेदक बऱ्याच वासांना थोडाथोडा प्रतिसाद देणारा, आणि त्या प्रतिसादांचा एकत्रित आकृतिबंध ओळखणारा गणक अशी त्याची रचना असते. मोगरा आणि रॉकेल यांतला भेद नाकाला कळतो, पण मोगऱ्यात कोणती रसायने आहेत ते नाकाला सांगता येत नाही. तसेच हे आहे.

दम्याच्या परीक्षेतील यश

पहिल्या वाटेने मिळालेले सर्वांत भरघोस यश दम्याच्या बाबतीतले आहे. नायट्रिक ऑक्साइड हा वायू मोटारींच्या धुरातला एक उपद्रवी घटक म्हणून कुप्रसिद्ध होता. शरीर स्वतःच तो तयार करते आणि रक्तवाहिन्या सैल करण्यासाठी निरोप्या म्हणून वापरते, हे ध्यानी आले तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले. या शोधाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच, १९९१ साली, स्वीडनमधील संशोधकांना तो माणसाच्या उच्छ्वासात आढळला होता, आणि दोनच वर्षांनी दम्याच्या रोग्यांच्या उच्छ्वासात त्याचे प्रमाण वाढलेले असते असे स्पष्ट झाले. दम्याच्या एका मोठ्या प्रकारात श्वासनलिकांच्या अस्तराला ॲलर्जीमुळे सूज येते. ती सूज जितकी अधिक, तितका हा वायू अधिक.

मोजणीची रीत सोपी आहे. प्रौढाने सुमारे दहा सेकंद, सेकंदाला ५० मिलिलिटर या ठरावीक संथ वेगाने फुंकावयाचे; यंत्र आकडा दाखविते. २०११ साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांनुसार प्रौढांत हे प्रमाण अब्जभागांत २५ हून कमी असेल तर अशी सूज असण्याचा संभव थोडा आणि ५० हून अधिक असेल तर तो बराच मानावा. मुलांसाठी हेच आकडे २० आणि ३५ असे आहेत. २०२४ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये निघालेल्या मार्गदर्शिकेत तर दम्याच्या शंकेवर प्रारंभीच करावयाच्या तपासण्यांत या चाचणीला स्थान मिळाले आहे.

या यशात एक शिकवण आहे. येथे द्रव्य एकच आहे, ते शरीरात कोठे आणि का तयार होते हे ठाऊक आहे, फुंकण्याचा वेग ठरलेला आहे आणि उपचाराने सूज ओसरली की आकडाही उतरतो, हे वारंवार पडताळले गेले आहे. औषधाचा फवारा रोगी खरोखरच घेतो की नाही, याचाही अंदाज डॉक्टरांना त्यावरून बांधता येतो. इतके असूनही ही चाचणी एकटी निर्णय देत नाही. धूम्रपानाने हा आकडा खाली येतो. दम्याचे जे प्रकार या सुजेशी निगडित नाहीत, त्यांत तो वाढतच नाही. ज्या परीक्षेचा पाया इतका पक्का, तीही इतर लक्षणांच्या सोबतीनेच बोलते. मग जिचा पाया अद्याप घातला जात आहे, तिच्याकडून एकमुखी निवाड्याची अपेक्षा कशी करावी?

क्षयाचा गंध

क्षयाच्या बाबतीत दुसऱ्याही वाटेचा आधार घ्यावा लागत आहे. क्षयजंतू स्वतः काही बाष्पे निर्माण करतो आणि रोगाशी झुंजणारे शरीरही काही वेगळी बाष्पे सोडते. त्यांना वास असतो हे सिद्ध करण्याचे काम प्रथम यंत्रांनी नव्हे, तर उंदरांनी केले. टांझानियातील मोरोगोरो येथे 'अपोपो' ही संस्था आफ्रिकेतील मोठ्या पिशवीगाली उंदरांना थुंकीचे नमुने हुंगावयास शिकविते. भूसुरुंग शोधण्यासाठी तयार केलेले हे प्राणी २००७ पासून क्षयाच्या कामालाही लावण्यात आले. प्रयोगशाळेतील माणसाला ज्या शंभर नमुन्यांना काही दिवस लागतील, ते असा एक उंदीर वीस मिनिटांत हुंगून मोकळा होतो, आणि दवाखान्याने निर्दोष ठरविलेल्या नमुन्यांतूनही रोगी हुडकून काढतो. त्याने शंका घेतलेला नमुना मात्र प्रयोगशाळेत पुन्हा तपासूनच रोग्याला कळविला जातो.

उंदराला जे जमते ते यंत्राला जमावे, या दिशेने गेली वीस वर्षे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेतील मायकेल फिलिप्स यांच्या गटाने भारत, फिलिपाइन्स व ब्रिटन येथील लोकांच्या उच्छ्वासाचा यासाठी अभ्यास केला. अशा अभ्यासांतून रोगी आणि निरोगी यांच्यात भेद दिसतो, ही गोष्ट पुढे आली. परंतु तो भेद दवाखान्यात बिनधोक वापरता येईल इतका ठसठशीत नाही, हेही दिसून आले. निरनिराळ्या गटांनी सांगितलेली द्रव्ये एकमेकांशी फारशी जुळत नाहीत, ही दुसरी अडचण. रोगी मोजके आणि द्रव्ये शेकड्यांनी असली, की काही ना काही द्रव्ये योगायोगानेच जुळून येतात. पहिल्या शंभर जणांत दिसलेला ठसा पुढच्या शंभरांत पुसट होतो.

याच्या जोडीला तिसरी एक वाट अलीकडे दिसू लागली आहे, आणि कदाचित ती अधिक भरवशाची ठरेल. तीत वास शोधावयाचा नाही; उच्छ्वासाबरोबर बाहेर पडणारा प्रत्यक्ष जंतूच पकडावयाचा. ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी मुखपट्टीच्या आतल्या बाजूस एक पातळ पट्टी बसविली, दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे क्षयाच्या रोग्यांना ती वापरावयास दिली आणि मग त्या पट्टीवर जंतूचे जनुकद्रव्य शोधले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या कामात बहुसंख्य मुखपट्ट्यांवर ते सापडले. केप टाउनमधील संशोधकांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली आहे: रोगी खोकत नसताना, केवळ शांतपणे श्वास घेत असतानाही जंतू बाहेर टाकत असतो. क्षय पसरतो तो खोकल्याने, ही रूढ समजूत त्यामुळे बरीच तपासून घ्यावी लागणार आहे. आणि खोकला नाही म्हणून निर्धास्त राहण्याची मुभाही संपणार आहे. कोविडच्या साथीत मुखपट्टी ही वस्तू घरोघर पोहोचली. तीच क्षयाची तपासणी होऊ शकली, तर एका स्वस्त आणि कोणालाही न बिचकविणाऱ्या साधनाची भर पडेल.

साथीने दिलेला धडा

श्वासपरीक्षेची खरी कसोटी कोविडच्या साथीत लागली. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये इस्राएल आणि भारत यांच्या संयुक्त पथकाने दिल्लीत काही झटपट तपासण्यांची चाचणी घेतली; त्यांत नळीत फुंकून निदान करण्याची तपासणी होती. क्षणार्धात निकाल लागेल, विमानतळ आणि शाळा उघडता येतील, अशा वार्ता त्या वेळी वृत्तपत्रांतून झळकल्या. नित्याच्या वापरात ती तपासणी आली नाही. मे २०२१ मध्ये सिंगापूरने एका श्वासचाचणीला तात्पुरती संमती दिली, आणि १४ एप्रिल २०२२ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा एका यंत्राला आणीबाणीपुरती परवानगी दिली. त्या यंत्राने २,४०९ लोकांच्या अभ्यासात ९१.२ टक्के बाधित बरोबर ओळखले आणि ९९.३ टक्के निरोगी बरोबर सोडले. आकडे स्पृहणीय होते. तरीही होकारार्थी निकाल दुसऱ्या चाचणीने पडताळून घ्यावा, अशी अट प्रशासनाने घातलीच. यंत्र प्रवासी पेटीएवढे, ते चालविणारा प्रशिक्षित माणूस हवा, आणि एका यंत्रावर दिवसाला दीडशेच्या आसपास नमुने. साथ ओसरेपर्यंत या साऱ्या खटाटोपाला व्यापक रूप आले नाही.

यावरून हे तंत्र फसवे आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. एवढेच म्हणता येईल की, प्रयोगशाळेतील चमक आणि दाराशी आलेली गर्दी यांचा सामना झाला, तेव्हा गर्दी वरचढ ठरली.

टक्केवारीच्या पोटात

एखाद्या यंत्राची महती सांगताना 'नव्वद टक्के अचूक' असे म्हटले जाते, तेव्हा वाचकाच्या मनात शंभरांतील नव्वद निकाल खरे असे चित्र उभे राहते. हे चित्र किती फसवे ठरू शकते, हे साध्या अंकगणिताने दाखविता येईल.

वर उल्लेखिलेल्या देशव्यापी पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील दर लाख लोकांमागे फुप्फुसाच्या क्षयाचे ३१६ रोगी आढळले. आता एका शहरातील एक लाख प्रौढांनी नळीत फुंकले असे समजू. यंत्र शंभर रोग्यांपैकी नव्वद बरोबर पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी नव्वद बरोबर सोडते, असेही धरू. तर ३१६ पैकी २८४ रोगी हाती लागतील आणि ३२ निसटतील. हा भाग समाधानाचा झाला. पण उरलेल्या ९९,६८४ निरोगी लोकांपैकी एक दशांश, म्हणजे ९,९६८ लोकांनाही यंत्र रोगी म्हणेल. यंत्राने बोट दाखविलेल्या सुमारे दहा हजार अडीचशे लोकांत खरा रोगी असेल छत्तिसांत एक! निरोगी ओळखण्याची अचूकता नव्वदवरून नव्व्याण्णव टक्क्यांवर नेली, तरीही साडेचारांत एक एवढेच प्रमाण पडते.

मग अशी तपासणी निरुपयोगी म्हणावी काय? मुळीच नाही. तिच्याकडून काय मागावयाचे, हे ठरले पाहिजे इतकेच. निदान करणारी परीक्षा वेगळी आणि चाळणी लावणारी परीक्षा वेगळी. चाळणीने धान्य शिजत नाही; पण चाळणीवाचून खडे निवडता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली क्षयाच्या चाळणी परीक्षेसाठी जी अपेक्षा लिहून ठेवली, ती हीच: रोगी नव्वद टक्के तरी सापडावेत, निरोगी सत्तर टक्के तरी सुटावेत, आणि उरलेल्यांची पक्की तपासणी दुसऱ्या साधनाने व्हावी. लाखभर लोकांची पक्की तपासणी परवडत नाही. दहा हजारांची परवडू शकते. श्वासपरीक्षेची खरी जागा त्या मधल्या पायरीवर आहे. जो विक्रेता ती शेवटची पायरी म्हणून विकावयास येईल, त्याला हे गणित सोडवून दाखवावयास सांगणे इष्ट होईल.

फुंकर मारल्यानंतर

हा प्रश्न भारताला इतरांहून अधिक जवळचा आहे. २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लक्ष लोकांना क्षयाची बाधा झाली आणि साडेबारा लक्ष लोक त्याने दगावले. बाधितांपैकी २६ टक्के भारतातील होते. २०२५ पर्यंत देशातून क्षयाचे निर्मूलन करण्याचा संकल्प २०१८ साली सोडण्यात आला होता. २०१५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे नव्या रोग्यांचे प्रमाण २३७ होते, ते २०२४ पर्यंत १८७ वर आले. ही घट थोडीथोडकी नव्हे, पण ती निर्मूलन या शब्दाच्या आसपासही नाही. क्षयाखेरीज इतर छातीचे विकारही कमी नाहीत. २०१६ च्या अंदाजानुसार देशात धूर, धूळ आणि तंबाखू यांनी फुप्फुसे कायमची निकामी होणाऱ्या, सीओपीडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराचे साडेपाच कोटी आणि दम्याचे पावणेचार कोटींहून अधिक रोगी होते. चुलीच्या धुरात आयुष्य काढणाऱ्या स्त्रिया आणि दगडाच्या खाणीत राबणारे मजूर यांपैकी कितीजणांना कोणी एकदा तरी साध्या स्पायरोमीटरमध्ये फुंकावयास लावले असेल? पावणेदोनशे वर्षांचे जुने यंत्र जेथे तालुक्याच्या रुग्णालयात अभावानेच दिसते, तेथे नव्या यंत्राची वाट पाहत बसणे हा एक प्रकारचा पलायनवादच होय.

शिवाय निदान म्हणजे उपचार नव्हे. यंत्राने बोट दाखविल्यावर पक्की तपासणी त्याच आठवड्यात झाली पाहिजे, औषधांचा पुरवठा सहा महिने अखंड राहिला पाहिजे, रोजंदारी बुडणाऱ्या माणसाच्या घरी चूल पेटली पाहिजे. क्षयरोग्याच्या पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून ती रक्कम दुप्पट करण्यात आली, हे योग्यच झाले. रोगी शोधण्याचा वेग वाढला आणि त्याला सांभाळण्याची व्यवस्था होती तेथेच राहिली, तर यंत्र फक्त यादी लांबवील.

आणखी एका धोक्याकडे आताच लक्ष वेधणे अगत्याचे आहे. हचिन्सन यांच्या श्वासमापकाकडे आयुर्विम्याच्या अर्जदारांची पारख करण्याचे साधन म्हणूनही त्या काळी पाहिले गेले. माणसाचे आरोग्य मोजता येऊ लागले, की ते मोजून घेण्यात रस असणारे लोक डॉक्टरांखेरीज दुसरेही असतात. रक्त काढावयाचे तर माणसाची संमती विचारावी लागते. फुंकर मारावयास लावणे सोपे असते. उद्या कारखान्याच्या दारावर, वसतिगृहाच्या प्रवेशाच्या वेळी किंवा नोकरीच्या मुलाखतीआधी अशी नळी पुढे करण्यात आली, आणि छत्तिसांतील पस्तीस निरोग्यांना तिने क्षयी ठरविले, तर त्यांच्या माथी बसलेला शिक्का कोण पुसणार? या रोगाचे नाव निघताच अजूनही मुलीचे लग्न मोडते आणि घरात भांडे वेगळे केले जाते. म्हणून यंत्राला परवानगी देताना त्याची अचूकता जितकी काटेकोरपणे तपासावयाची, तितक्याच काटेकोरपणे ते कोणी, कोठे आणि कोणाच्या संमतीने वापरावयाचे, याचे नियम घालणे आवश्यक आहे.

करावयाचे काम त्यामुळे स्पष्ट आहे. परदेशात तपासलेले यंत्र जसेच्या तसे आणून चालणार नाही. येथील आहार, येथील चुलीचा धूर, येथील तंबाखू आणि येथील हवा यांच्यासह त्याची परीक्षा झाली पाहिजे. ती मोठ्या संख्येवर आणि एकाहून अधिक प्रांतांत व्हावी. यंत्र बनविणाऱ्यांनी स्वतः न घेता त्रयस्थांनी घ्यावी. आणि निकाल अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते प्रसिद्ध व्हावेत. ज्या देशाला जनुकद्रव्य तपासणारे सुटसुटीत यंत्र घडविता आले, त्याला हेही अशक्य नाही. तोवर क्ष-किरण यंत्रे गावोगाव नेणे, थुंकीचे नमुने वेळेत प्रयोगशाळेत पोहोचविणे आणि जुना स्पायरोमीटर धूळ खात न ठेवणे, ही बिनबोभाट कामे थांबविण्याचे काहीच कारण नाही.

साक्षीदार नवा आहे, बोलका आहे आणि त्याला पुष्कळ काही ठाऊक आहे, हे मान्य केले पाहिजे. पण न्यायासनासमोर एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर निकाल दिला जात नाही; त्याची उलटतपासणी होते, दुसरा पुरावा मागितला जातो. उच्छ्वासाची साक्ष ग्राह्य धरावी ती याच रीतीने. ती तशी धरली गेली, तर ज्या मुलाला थुंकता येत नाही आणि ज्या मजुराला आपण आजारी आहोत हेच ठाऊक नाही, त्या दोघांची दाद प्रथमच वेळेवर लागेल.